सहाव्या डॉक्टरचा, म्हणजे कॉलिन बेकरचा, काळ खरंच इतका वाईट होता का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘डॉक्टर हू’ ही ब्रिटिश विज्ञानकथा-मालिका जुन्यापासून बघत पाचव्या डॉक्टरपर्यंत पोचलोय, पुढच्या कॉलिन बेकरला सगळेच नावं ठेवतात, तर त्याला गाळून थेट सातव्यावर उडी मारू का?

गाळू नका. फक्त क्रमाने बघायचा हट्ट इथे एकदाच सोडा. क्रमाने गेलात तर तुम्ही नुकतीच ‘द केव्हज ऑफ अँड्रोझानी’ संपवलेली असणार, ज्यात पाचवा डॉक्टर आपल्या सोबतिणीला, पेरीला, वाचवताना स्वतः संपतो. आणि तिच्या पाठीला पाठ लावून येते ‘द ट्विन डिलेमा’. १९८४च्या मार्चमध्ये ब्रिटिश प्रेक्षकांनी या दोन कथा अशाच लागोपाठ पाहिल्या. पुढे २००९ साली ‘डॉक्टर हू मॅगझिन’ने तोवरच्या २०० कथांवर वाचकांची मतं घेतली, तेव्हा अँड्रोझानी पहिली आली आणि ट्विन डिलेमा दोनशेवी. म्हणजे अख्खा जिना एका आठवड्यात गडगडत खाली.

मी पुण्यातच वाढलो. कॉलिन बेकर पहिल्यांदा पाहिला तो एफसी रोडच्या ब्रिटिश लायब्ररीतून आणलेल्या डीव्हीडीवर, नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत, शेजारी आजी वाती वळत बसलेली. ही मालिका माहीत नसलेले कुणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी सांगतो: डॉक्टर हा परग्रहावरचा काळप्रवासी, मरायला टेकला की त्याचा देह बदलतो, माणूस आतून तोच राहतो. १९६६मध्ये पहिला नट विल्यम हार्टनेल आजारी पडला म्हणून काढलेली ही पळवाट, आणि तिच्यावर मालिकेने पुढची कित्येक दशकं काढली. (१९६३चा पहिलाच भाग दिग्दर्शित करणारा वारिस हुसेन जन्माने लखनौचा, हे आपल्याकडे फार जणांना ठाऊक नसतं.) आजीला मी हे सगळं समजावायला लागलो तर ती वात खाली न ठेवता म्हणाली, “वासांसि जीर्णानि. पुढे चालव.”

पुढे चालवलं आणि नवा डॉक्टर कोट घालून आला. तो कोट पाहिला नसेल तर सांगतो: लाल, पिवळा, गुलाबी, हिरवा, चौकडी, पट्टे, सगळी ठिगळं एकाच अंगावर. खाली पिवळी पट्ट्यांची विजार. आजी म्हणाली, “गोधडी पांघरून कुठे निघालाय हा?” मग मला भाग थांबवायला लावला, चष्मा पुसून टीव्हीजवळ गेली आणि म्हणाली, “शिवण बघ. पट्ट्याला पट्टा मिळवलाय. शिंप्याची चूक नाही हो. कापडं कुणी निवडली ते विचार.”

कापडं निवडली होती निर्मात्याने. जॉन नेथन-टर्नरला मुद्दाम बेचव, डोळ्याला खुपणारा कोट हवा होता. कॉलिन बेकरने स्वतः काळं मखमल मागितलं होतं. मिळाली गोधडी. त्याने निमूटपणे तीवर मांजराचा एक बिल्ला लावला आणि कामाला लागला. त्याच्या सगळ्या काळाबद्दल माझं म्हणणं आजीच्या त्या वाक्यापलीकडे फारसं जात नाही.

कोथरूडला एका मित्राकडे महिन्यातून एका रविवारी आमचा कट्टा भरतो. सहा-सात डोकी, पोहे, चहा, दोन भाग आणि मग भांडण. खरा कार्यक्रम भांडणाचाच. त्यात एक निवृत्त बँकवाले काका आहेत, टॉम बेकरचे, म्हणजे चौथ्या डॉक्टरचे, भक्त. त्याच्यासारखा लांबलचक मफलर त्यांनी काकूंकडून विणून घेतलाय आणि थंडीत पर्वतीला तो गुंडाळूनच जातात. हिंजवडीतली दोन पोरं दहाव्या डॉक्टरच्या, डेव्हिड टेनंटच्या, पलीकडचं काही ऐकून घेत नाहीत. आणि कॉलिन बेकरचा वकील मी एकटा.

तसं हे भांडण आम्हाला नवं नाही. ‘नटसम्राट’मध्ये डॉ. लागू की दत्ता भट, यावर आमच्या घरी कित्येकदा वरणभात थंड झालाय. पण तिथे संहिता तीच होती, माणूस तेवढा बदलला, त्यामुळे तुलना तरी सरळ. इथे दर कथेला लेखक वेगळा, दिग्दर्शक वेगळा, भागाची लांबी वेगळी, वरचा साहेब वेगळा, आणि बाहेर पाटी मात्र एकट्या नटाच्या नावाची. नाटक पडलं की शिव्या त्यालाच.

आता लांबीचंच बघा. १९८५च्या हंगामात नेहमीच्या २५ मिनिटांऐवजी ४५ मिनिटांचे १३ भाग केले. लेखकांचा हात बसलेला छोट्या भागांवर. परिणाम असा की डॉक्टर आणि पेरी बराच वेळ टारडिसमध्येच, म्हणजे डॉक्टरच्या डब्यासारख्या काळयानातच, एकमेकांवर खेकसत राहतात आणि गोष्ट तिकडे दुसऱ्यांचीच चाललेली असते. ‘रेव्हलेशन ऑफ द डालेक्स’ ही माझी आवडती कथा, पण तिच्यातही पहिला भाग जवळजवळ संपेपर्यंत डॉक्टर बर्फातून नुसता चालतोय. बघताना वाटतं, बाबा रे, पोच एकदाचा.

दुसरं, त्याचं वागणं. हा डॉक्टर उद्धट, बढाईखोर, मोठ्या आवाजाचा आहे, आणि ते ठरवून केलेलं होतं. कॉलिन बेकरच्या मनात हिशोब लांबचा होता: आधी नकोसा वाटावा आणि मग कांद्यासारखा एकेक पापुद्रा सुटत आतला भला माणूस दिसावा. टॉम बेकरने सात वर्षं काढली होती, हा त्याहून जास्त काढायला निघालेला. हाती आले ३१ भाग. हंगाम चालू असतानाच, फेब्रुवारी १९८५मध्ये, बीबीसीने मालिका लांबणीवर टाकल्याचं जाहीर केलं. बीबीसी वनचा तेव्हाचा प्रमुख मायकल ग्रेड, त्याला ही मालिका मुळातच आवडत नव्हती. दीड वर्ष पडदा कोरा. (मधल्या काळात मालिका वाचवा म्हणून चाहत्यांनी आणि कलाकारांनी एक गाणंही काढलं. त्याबद्दल न बोललेलं बरं.)

काकांना मी इथे नेहमी बारावा डॉक्टर, पीटर कपाल्डी, दाखवतो. २०१४मध्ये तोही असाच आला: तिरसट, माणसांची नावं विसरणारा, आपण भले आहोत की नाही हेच माहीत नसलेला. पहिल्या वर्षी त्यालाही लोकांनी नाकं मुरडली. पण त्याला तीन हंगाम सलग मिळाले आणि २०१७मध्ये तो गेला तेव्हा तीच माणसं रुमाल शोधत होती. योजना तीच, मुदत वेगळी. काका म्हणतात, “कपाल्डीचा कोट बरा होता.” ते मला मान्य करावंच लागतं.

१९८६मध्ये मालिका परतली ती ‘द ट्रायल ऑफ अ टाइम लॉर्ड’ घेऊन, १४ भागांचा एकच खटला. आरोपी डॉक्टर. मालिकेचंच भवितव्य टांगणीला असताना असली कथा करायची म्हणजे जरा अतिच. त्यात जुना, कसलेला लेखक रॉबर्ट होम्स शेवट लिहितालिहिता गेला, संहिता-संपादक एरिक सेवर्ड भांडून निघून गेला, आणि शेवटचा भाग ऐनवेळी दुसऱ्यांनी लिहून दिला. तो बघताना सांधे दिसतात. त्यानंतर कॉलिन बेकरला काढलं. मुख्य नटाने सोडणं वेगळं, ही थेट हकालपट्टी. वर निरोप असा की देह बदलायच्या कथेपुरतं परत या. तो आला नाही. मग १९८७मध्ये नव्या, सातव्या डॉक्टरला, सिल्व्हेस्टर मॅककॉयलाच तो कोट चढवून, डोक्यावर कुरळ्या केसांचा सोनेरी टोप ठेवून जमिनीवर पालथा पाडला आणि उताणा करताकरता चेहऱ्यावर उजेड मारला. कट्ट्यावर हा प्रसंग आला की आम्ही हसतो, पण मला दर वेळी थोडं वाईट वाटतं. पहिल्या दिवसापासून मोठी खेळी ठरवून आलेल्या माणसाचा निरोप, आणि तो स्वतः त्यात नाहीच.

तर सुरुवात करा ‘व्हेंजन्स ऑन व्हॅरोस’पासून. जानेवारी १९८५ची आहे, फिलिप मार्टिनने लिहिलेली. व्हॅरोस नावाच्या ग्रहावर कैद्यांचे हालहाल घरोघरी दाखवले जातात आणि प्रत्येकाने ते बघायचेच असतात. राज्यपाल पडद्यावर येऊन प्रस्ताव मांडतो, लोक घरी बसून बटण दाबतात, आणि प्रस्ताव पडला तर खुर्चीत जखडलेल्या राज्यपालावर किरण सोडतात. पण मला खिळवून ठेवतं ते एक जोडपं, अराक आणि एटा. दोघं एका कळकट खोलीत पडद्यासमोर बसलेत. तो कामावरून दमून आलेला, जेवणावरून कुरकुरतोय. तिला राज्यपाल आवडतो. आज कोण मरेल, कालचं बरं होतं, हा नट वाटतो की खरा कैदी, अशी त्यांची बडबड चालते. दोघांची डॉक्टरशी कधी गाठही पडत नाही. शेवटी ग्रहावरचा जुलूम संपतो, प्रक्षेपण बंद होतं, पडदा काळा, आणि दोघं एकमेकांकडे बघत बसतात, आता करायचं काय म्हणून. आमच्याकडे हे बघून झाल्यावर हिंजवडीतल्या एका पोराने टीव्ही बंद केला आणि त्या काळ्या पडद्यात आम्ही सगळे पोह्यांच्या बशा घेऊन दिसत होतो. त्या दिवशी भांडण झालं नाही.

मग ‘रेव्हलेशन’ बघा. मग ‘द टू डॉक्टर्स’, त्यात दुसरा डॉक्टर पॅट्रिक ट्राउटन परत आलाय आणि माणसं शिजवून खाऊ पाहणाऱ्या आचाऱ्याला तोंड दिल्यावर शेवटी आपला डॉक्टर चक्क शाकाहारी व्हायचं ठरवतो. पेठेत याला वेगळ्या टाळ्या मिळतात. ‘टाइमलॅश’ नाही पाहिली तरी काही बिघडत नाही.

आणि श्रुतिका ऐका. आकाशवाणी पुण्याच्या श्रुतिका ऐकत वाढलेल्यांना नाट्य नुसतं कानाने बघता येतं, हे सांगायला नको. बिग फिनिश ही कंपनी १९९९पासून जुन्या डॉक्टरांना घेऊन ध्वनिनाट्यं काढते आहे, आणि त्यात कॉलिन बेकर असा काही फुलतो की तोच का हा, असं वाटतं. आवाज खर्जातला, शब्दांवर प्रेम करणारा. शिवाय कोट दिसत नाही. सोबतीला एव्हलिन स्माइथ ही पंचावन्न वर्षांची इतिहासाची प्राध्यापिका, जी त्याची बढाई एका वाक्यात जमिनीवर आणते. ‘ज्युबिली’ ही २००३ची श्रुतिका इतकी जमली की २००५मध्ये मालिका नव्याने सुरू झाली तेव्हा तिच्याच लेखकाने, रॉबर्ट शिअरमनने, तिच्या आधारावर ‘डालेक’ हा भाग लिहिला. चाहते ज्या नव्या पर्वाची आरती करतात, त्याच्या एका खांबाखाली सहावा डॉक्टर असा उभा आहे.

वकिली इथवर. एका ठिकाणी मी हरलोय, तेही सांगतो. ‘द ट्विन डिलेमा’च्या पहिल्या भागात नुकता देह बदललेला डॉक्टर भ्रमात पेरीचा गळा धरतो. ती कशीबशी त्याच्यासमोर आरसा धरते आणि स्वतःचं तोंड बघून तो मागे सरकतो. आमच्या कट्ट्यावरची एक मैत्रीण तिथेच उठून गॅलरीत गेली. मी मागून जाऊन कांद्याचे पापुद्रे वगैरे समजावायला लागलो. ती म्हणाली, “तू नटाबद्दल बोलतोयस. मी तिच्याबद्दल बोलतेय. ती पुढचे दोन हंगाम त्याच्याबरोबर एकाच डब्यात फिरणार आहे ना?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. त्यातून ती कथा हंगामाची शेवटची. आवडो न आवडो, मीच डॉक्टर, असं तो पेरीला ऐकवतो आणि प्रेक्षकांना पुढचे नऊ महिने त्या वाक्यावर ठेवून निघून जातो. आधी माफी मागायला काय झालं होतं?

हीच मैत्रीण आता एव्हलिनच्या श्रुतिका ऐकत कर्वे रोडची गर्दी काढते आणि सोमवारी मला त्यावर लांबलचक संदेश पाठवते. ‘ट्विन डिलेमा’ मात्र तिने पुढे पाहिली नाही, आणि आम्ही तिला म्हणतही नाही.