साळुंकी रोजचीच, तरी लिहायची का?

प्रश्न : ताई, आमची केळीची बाग आहे. मुलगी नववीत शिकते. शाळेतून तिला पक्ष्यांचं वेड लागलं. रोज सकाळी बागेत पंधरा मिनिटं उभी राहते आणि मोबाइलवर ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या अ‍ॅपमध्ये यादी भरते. यादीत काय, तर साळुंकी, होला, बुलबुल, सातभाई. रोज तेच. याचा कुणाला काही उपयोग आहे का?
(एक शेतकरी, ता. रावेर)

उत्तर : भाऊ, लेकीला अजिबात थांबवू नका. दुर्मीळ पक्ष्यामागे कॅमेरा घेऊन धावणारे पुष्कळ आहेत. केळीच्या बागेतली साळुंकी रोज मोजणारं माणूस मिळत नाही. आपल्याकडे सगळी गर्दी हतनूर धरणाच्या पाण्यावर आणि पाल-यावलच्या जंगलात. मधल्या शेतांत काय चाललंय, ते तुमच्या मुलीसारख्यांनीच सांगायचं.

2023 साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवर एक मोठा अहवाल आला. 30 हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांनी ई-बर्डवर भरलेल्या सुमारे 3 कोटी नोंदी त्यासाठी तपासल्या आणि 942 जातींचा आढावा घेतला. हे निरीक्षक बहुतेक हौशीच. मोर आणि कोकीळ वाढताहेत, हे त्यातून समजलं. आणि विजेच्या तारेवर बसणारा आपला निळा चास बराच घटल्याचंही समजलं. चास इतका ओळखीचा, की तो कमी होतोय हे नुसत्या डोळ्यांना कळलंच नसतं.

मग हिशेबात कसं कळतं? दर शंभर याद्यांपैकी किती याद्यांत तो पक्षी आला, हे पाहतात. समजा, एखाद्या भागात पूर्वी साठ याद्यांत चास असायचा आणि आता चाळीसच याद्यांत येतो, तर काहीतरी बिघडलंय. पण हे गणित जमायला यादी पूर्ण हवी. दिसलेला किंवा नुसता ऐकू आलेला, ओळखता आलेला प्रत्येक पक्षी तिच्यात पाहिजे. तसं असेल तरच ‘यादीत चास नाही’ याचा अर्थ ‘त्या वेळी तिथे चास आढळला नाही’ असा घेता येतो. रोजचीच म्हणून साळुंकी गाळली, तर यादी अर्धवट राहिली. तुमची मुलगी साळुंकी लिहिते, म्हणजे तिला काम नीट समजलंय.

तिला दोन गोष्टी सांगा. एक, पक्ष्यासमोर आकडा टाकायचा, अंदाजे असला तरी चालेल. सातभाईंचा थवा म्हणजे सातच असं नाही, मोजायचे. दुसरी, जागा आणि वेळ शक्यतो बदलायची नाही. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) आणि कांदेबाग (पावसाळ्यानंतरची लागवड) वेगवेगळ्या शेतांत असतील तर दोन वेगळ्या याद्या करायच्या. नुकत्या लावलेल्या मोकळ्या रानातले पक्षी वेगळे आणि दाट सावलीच्या बागेतले वेगळे. बाग निसवायला लागली की केळफुलाशी थांबायला सांगा. शिंजीर येतो, फुलाच्या कडेला उलटा लटकतो आणि बाकदार चोच आत घालून मध पितो. नर उन्हात काळा-जांभळा चमकतो, मादी वरून मळकट आणि पोटाला पिवळसर. आणि मे महिन्यात, आपल्याकडे पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो तेव्हा, ठिबकचा एखादा गळका जोड दिसला तर दुरुस्त करण्याआधी एक सकाळ तिला तिथे बसू द्या. पाण्याला कोण कोण येतं, ते तीच तुम्हाला दाखवील.

प्रश्न : सातपुड्यात सहलीला गेलो असताना भर दुपारी सागाच्या शेंड्यावर छोटं घुबड दिसलं. फोटो धूसर आलाय. रानपिंगळा म्हणून नोंद करू का?
(एक शिक्षक, चोपडा)

उत्तर : सर, नुसतं दिवसा दिसलं एवढ्यावर नको. साधा पिंगळाही दिवसा ढोलीच्या तोंडाशी बसलेला असतो. डोकं बघा. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. रानपिंगळ्याचं डोकं आणि पाठ तपकिरी, ठिपके जवळजवळ नाहीतच. चोच आणि पाय दणकट, पंखांवर आणि शेपटीवर ठळक पांढरे पट्टे. फोटोत यातलं काही दिसत नसेल तर ‘घुबड, जात नक्की नाही’ अशी नोंद करा आणि धूसर फोटोही जोडा. तीही चांगली नोंद आहे.

मी एवढी आग्रही का, तर रानपिंगळ्याच्या इतिहासात आपल्या खानदेशाचा मोठा वाटा आहे. इथे नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने 1880 च्या दशकात त्याचे नमुने गोळा केले. 1884 नंतर खात्रीची नोंदच नव्हती. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागेन या लष्करी अधिकाऱ्याने सांगितलं, की 1914 साली गुजरातेत मांडवीजवळ त्याला हा पक्षी मिळाला. प्रत्यक्षात तो नमुना डेव्हिडसनचाच होता, लंडनच्या संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा पेंढा भरून खोटी चिठ्ठी लावलेला. एका खोट्या चिठ्ठीने शोध चुकीच्या जागी नेला. अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी ओळखली, मांडवीचा नाद सोडला आणि जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धरल्या. 25 नोव्हेंबर 1997 रोजी त्यांच्या चमूला खानदेशातच, शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला, 113 वर्षांनी. तुमचा हेतू वाईट नाही, हे मी जाणते. पण घाईची नोंदही पुढच्याला तशीच भलतीकडे नेते.

नोंद केल्यावर ई-बर्डच्या नोंदी तपासणाऱ्या एखाद्या परीक्षकाने ‘कशावरून ओळखलं?’ असं विचारलं, तर राग मानू नका. तेही स्वयंसेवकच असतात. आणि खरोखर रानपिंगळाच निघाला, तर घरट्याची जागा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका, मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलावू नका. संकटग्रस्त पक्षी आहे, विणीच्या वेळी गर्दी झाली तर घरटं सोडून जाऊ शकतो.

प्रश्न : जानेवारीत आमच्या कॉलेजचा गट हतनूरला पाणपक्षी मोजायला जाणार आहे. हजारभर बदकं एकदम मोजायची कशी?
(एक विद्यार्थिनी, भुसावळ)

उत्तर : आधी थव्यातले दहा पक्षी एकेक करून मोज. ते दहा केवढ्या जागेत मावतात, हे डोळ्यांत बसव. तसे दहा तुकडे म्हणजे शंभर. मग शंभराच्या मापाने थवा एका टोकाकडून दुसरीकडे मोजत जा. दोघींनी एकमेकींना न सांगता मोजा आणि मग आकडे ताडून बघा. फार फरक पडला तर पुन्हा मोजा. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक असे मिसळलेले असतील तर आधी एकूण आकडा, मग जातवार. दुर्बीण 8 × 42 ची पुरे. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, 1987 पासून चालू आहे. तुमचे आकडे तिथपर्यंत जातील असं बघा. निघण्याआधी घरच्या वायफायवर ई-बर्डमध्ये आपल्या भागाची पक्षीयादी उतरवून ठेवा, म्हणजे धरणावर रेंज नसली तरी अडत नाही.