कुणी पाहिलं नसताना, फक्त सापडलेल्या दागिन्यांवरून खून सिद्ध होतो का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इंदूरच्या राहत्या घरात मावशींचा खून झाला, अंगावरचे दागिने गेले, पाहणारं कुणी नाही. आठवड्याच्या आत घरी येणं-जाणं असलेल्या एका माणसाकडून दागिने जप्त झाले आणि आता ते ओळखायला तुम्हाला साक्षीला बोलावलंय. त्यातच बचाव पक्षाचे वकील कोर्टाबाहेर म्हणाले, "नुसत्या परिस्थितीजन्य पुराव्यावर खून उभा राहत नाही." मी इंदूरच्या जिल्हा न्यायालयात अठरा वर्षं सरकार पक्षाकडून फौजदारी खटले चालवले. त्यातले कितीतरी असेच होते, म्हणून सविस्तर लिहिते.

उभा राहतो. अशा खुनात जे माणूस सगळं सांगू शकलं असतं तेच गेलेलं असतं, म्हणून कायदा हात झटकून मोकळा होत नाही. आपल्याच शहरातलं उदाहरण आहे. जून 2011 मध्ये एका मराठी घरात आजी, मुलगी आणि नात अशा तिघींचा लुटीसाठी खून झाला. तेव्हा कितीतरी महिने आमच्या कॉलनीतल्या बायका दुपारी दाराची साखळी काढत नव्हत्या. त्या खटल्यातही डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार नव्हता. जप्त ऐवज आणि शास्त्रीय पुरावा यांच्यावर तिघा आरोपींची दोषसिद्धी झाली आणि मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली. फाशी मात्र रद्द करून किमान 25 वर्षांची जन्मठेप दिली.

तरीही त्या वकिलांच्या बोलण्यात अर्धं सत्य आहे आणि ते तुम्हाला आधीच ठाऊक असलेलं बरं. चोरीचा माल चोरीनंतर लवकरच कुणाकडे सापडला आणि त्याला तो कसा आला हे सांगता आलं नाही, तर तो माणूस एकतर चोर आहे किंवा चोरीचा माल जाणूनबुजून घेणारा आहे, असं न्यायालय गृहीत धरू शकतं. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम 114 च्या पहिल्या उदाहरणात होतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम 119 मध्ये आहे. पण नीट बघा, चोर किंवा माल घेणारा. खुनी हा शब्द त्यात कुठेच नाही. सांवत खान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं. देवळातले महंत आणि त्यांच्यासोबतचा एक माणूस मारले गेले होते, आरोपींकडून दोन वस्तू मिळाल्या होत्या आणि बाकी काहीच नव्हतं. चोरी आणि खून एकाच वेळी झाले असं एवढ्यावरून म्हणता येत नाही, असं सांगून कोर्टाने खुनाची शिक्षा काढून टाकली.

म्हणजे चोरीपासून खुनापर्यंत एक पूल बांधावा लागतो आणि तुमच्या मावशींचा खटला त्या पुलावरच उभा राहील किंवा पडेल. दोन्ही गोष्टी एकाच झटापटीत घडल्या हे दाखवावं लागतं. मग जप्ती किती दिवसांत झाली, वस्तू कुठली, आरोपीची ऐपत काय, त्याने काय खुलासा दिला, हे सगळं वजनाला येतं. आपल्याच राज्यातला 1995 चा गुलाबचंद खटला बघा. दागिने थोड्याच दिवसांत आरोपीकडून मिळाले, त्याने ते विकण्याचा व्यवहारही केला होता आणि एरवी तसा ऐवज बाळगण्याची त्याची ऐपत नव्हती. तिथे खून आणि लूट दोन्ही सिद्ध धरले गेले. 1983 च्या कर्नाटकातल्या एका खटल्यात तर जप्ती वर्षभराने झाली होती, तरी ती मानली गेली, कारण घरचा नोकर खुनाच्या रात्रीपासून फरार होता आणि सापडल्यावरच माल मिळाला. त्यामुळे "किती दिवस" याला ठरलेला आकडा नाही. सोन्याची लगड आठ दिवसांत चार हातांतून जाते, पण एखाद्या बाईचं वापरातलं मंगळसूत्र तसं सहज फिरत नाही.

पुराव्याच्या साखळीबद्दल तुम्ही ऐकलंच असेल. 1984 च्या शरद सारडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच कसोट्या सांगितल्या आणि आजही प्रत्येक निकालपत्रात त्या येतात. त्यांचा गाभा इतकाच, की प्रत्येक दुवा आधी स्वतंत्रपणे सिद्ध झाला पाहिजे आणि मग सगळे मिळून आरोपीखेरीज दुसरीकडे कुठे बोट जाता कामा नये. "त्याने केलं असेल" आणि "त्यानेच केलं असलं पाहिजे" यांतलं अंतर पुराव्याने कापायचं असतं, संतापाने नाही. नातेवाइकांना हे ऐकवत नाही, मला माहीत आहे. पण याच कसोटीवर टिकलेली शिक्षा वरच्या कोर्टातही टिकते.

आता एक जुना खटला सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. एकट्या राहणाऱ्या सत्तरीतल्या काकू. वाट्यांचं मंगळसूत्र आणि दोन पाटल्या गेल्या होत्या. पाच दिवसांनी पोलिसांनी मंगळसूत्र एका माणसाच्या घरातून, पीठाच्या डब्यातून काढलं. पाटल्या दुसऱ्याकडे मिळाल्या. मग ओळख परेड झाली. तहसीलदारांच्या टेबलावर सारख्या दिसणाऱ्या चार वस्तूंत मिसळून मंगळसूत्र ठेवलं होतं, असं कागद सांगत होता. सुनेने झटकन ओळखलं, सही केली, सगळे खूश.

मी फाईल वाचली, फोटो पाहिले आणि पोटात खड्डा पडला. बाकीची चारही मंगळसूत्रं इकडच्या पद्धतीची, एका पदकाची होती. दोन वाट्यांचं एकच. माझ्या गळ्यात होतं तसं. त्या टेबलासमोर कुठल्याही मराठी मुलीला उभं केलं असतं, काकूंना जन्मात न पाहिलेलीला, तरी तिने तेच उचललं असतं. ठाण्यातल्या कुणी मुद्दाम केलं नव्हतं, त्यांना फरकच कळला नव्हता. पण बचाव पक्षाला कळला. उलटतपासात त्यांनी पाचही फोटो एकेक करून सुनेच्या हातात दिले आणि विचारलं, "यातल्या कुठल्या मंगळसूत्राला वाट्या आहेत?" ती ओळख तिथेच संपली.

खटला वाचला तो दोन गोष्टींमुळे. पहिली, इंदूरच्या सराफा बाजारातला सोनार. बाहेरगावच्यांना सराफा म्हटलं की रात्रीची खाऊगल्ली आठवते, पण दिवसा तिथे पेढ्या उघडतात आणि त्या पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या असतात. काकूंच्या मंगळसूत्राची एक वाटी पूर्वी चेपली होती, ती त्यांनी बदलून घेतली होती. सोनार साक्षीच्या पिंजऱ्यात वही घेऊन आला, नोंद वाचली आणि मंगळसूत्र उलटं करून दाखवलं. जुन्या वाटीच्या कडेला घासून पातळ झालेली झिलई, नव्या वाटीच्या आत त्याच्या पेढीचा ठसा आणि डाख दिलेल्या, म्हणजे सांधा जोडलेल्या, जागी किंचित फिकट सोनं. न्यायाधीशांनी भिंग मागवून पाहिलं. कोर्टात त्या वेळी कुणी हललं नाही.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची, कारण तिनेच चोरी आणि खून जोडले. घटनास्थळाच्या पंचनाम्यात एका हवालदाराने इमानदारीने लिहिलं होतं, "मृताच्या खांद्याखाली काळे मणी, नग चौदा." मणी वेगळ्या पाकिटात सील केले होते. शवविच्छेदनात मानेच्या मागे दोरीने ओढल्यासारखा ओरखडा होता, आणि तो जिवंतपणीचा. जप्त मंगळसूत्राची सर मधेच तुटून गाठ मारलेली. मंगळसूत्र झटापटीत गळ्यातून ओढलं गेलं, नंतर कपाटातून उचललं नाही, हे चौदा मण्यांनी सांगितलं. ज्याच्या पीठाच्या डब्यात ते मिळालं, त्याला ते कसं आलं याचा खुलासा देता आला नाही. शिवाय त्या दुपारी तो काकूंच्या फाटकातून बाहेर पडताना समोरच्या दुकानदाराला दिसला होता. त्याला खून आणि जबरी चोरी या दोन्हींसाठी जन्मठेप झाली. पाटल्यावाला त्या घराजवळ होता असं काहीच पुढे आलं नाही. त्याला फक्त चोरीचा माल घेतल्याची शिक्षा झाली. घरचे नाराज होते. मला तो निकाल तेव्हाही बरोबर वाटला, आजही वाटतो.

तुमच्याकडे आरोपीने पोलिसांना "मीच मारून दागिने लपवले" असं सांगितलं आहे, असं तुम्ही लिहिलंय. त्या वाक्यावर फार विसंबू नका. पोलिसांसमोरची कबुली पुराव्यात येत नाही. आरोपीच्या त्या लेखी जबाबातला, आपल्याकडे ज्याला मेमोरँडम म्हणतात, फक्त तेवढाच भाग वाचला जातो ज्यावरून वस्तू सापडली. "अमुक ठिकाणी ठेवले आहेत, काढून देतो" हे चालतं, "मारून" हा शब्द गळतो. 1946 च्या पुलुकुरी कोट्टय्या निर्णयापासून हे असंच आहे. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम 27 मध्ये होतं, आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आहे. जिथून माल निघाला ती जागा सगळ्यांना खुली होती का, पंच त्याच मोहल्ल्यातले होते की ठाण्यातले नेहमीचे, हे प्रश्न येणार. पंच फितूर झाले तरी तपास अधिकाऱ्याची साक्ष विश्वासार्ह असेल तर जप्ती पडतेच असं नाही. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याप्रमाणे, झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. मावशींच्या खुनाचा गुन्हा ही संहिता लागू झाल्यानंतरचा असेल तर सरकारी वकिलांना त्याबद्दल जरूर विचारा.

आणि एक अगदी इंदुरी अडचण. तुमची साक्ष हिंदीत लिहिली जाईल. तुम्ही "वाटी" म्हणाल, टंकलेखक "कटोरी" लिहील आणि सहा महिन्यांनी युक्तिवादात कुणीतरी विचारेल की बाई गळ्यात कटोरी घालत होत्या का. हसू येईल असं वाटतं, पण कागदावर तो विसंगतीचा मुद्दा होतो. माझ्यासमोर "पाटल्या"चं "चूड़ी" झालंय, आणि जप्ती पत्रकात "कंगन". एकाच वस्तूची तीन नावं झाली की बचाव पक्ष म्हणतो, वस्तूच वेगळी आहे. म्हणून फिर्यादीत, पोलिसांना दिलेल्या जबाबात आणि जप्ती पत्रकात दागिन्यांना काय काय म्हटलंय ते सरकारी वकिलांकडे बसून आधी वाचा. साक्ष देताना मराठी शब्द जसाच्या तसा लिहायला सांगा आणि पुढे वर्णन करा: दोन पोकळ अर्धगोल, सोन्याचे, काळ्या मण्यांच्या दोन सरांत. न्यायाधीश हे ऐकून घेतात, विनंती नम्रपणे करा. लिहिलेलं वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका.

घरी जुने फोटो शोधा. लग्नातले नको, त्यांत बायका सगळंच घालतात. हळदीकुंकवाचे, वाढदिवसाचे, मावशी रोजच्या साडीत आहेत असे काढा. पावत्या नसतील तर मावशींचा सोनार कोण होता ते आठवा, त्याचं नाव वकिलांना द्या. डाख, बदललेली कडी, झिजलेला फासा, असं काही तुम्हाला माहीत असेल तर तेच सांगा. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणा. मावशींसाठी म्हणून एक वाक्य जास्त बोललात तर ते वाक्य त्यांच्याच विरुद्ध वापरलं जाईल, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तुम्ही शेवटी विचारलंय, "पोलिसांनी दाखवले म्हणून ओळखलेत ना, असं विचारतील का?" विचारतील. बहुतेक पहिलाच प्रश्न तो असेल. ओळख परेडीच्या आधी ठाण्यात कुणी तुम्हाला दागिने दाखवले असतील तर ते आजच सरकारी वकिलांना सांगा, उलटतपासात पहिल्यांदा बाहेर येऊ देऊ नका. दाखवले नसतील तर "नाही" म्हणा आणि थांबा. पुढचा प्रश्न येईपर्यंत काही बोलू नका, समोर मंगळसूत्र ठेवलेलं असलं तरी.