बाबा वय मान्यच करत नाहीत

ही तक्रार घेऊन मुलं-सुना माझ्याकडे नेहमी येतात. आई-वडील एकटे आले, तर तोच प्रश्न उलटा होऊन येतो: "मॅडम, मला आतून पंचेचाळिशीचाच असल्यासारखं वाटतं. डोकं ठिकाणावर आहे ना माझं?"

या वेळी बापलेक दोघं सोबतच आले. वडील ७१ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) लेकीची यादी तयार होती. शिडीवर चढून दिवे बदलतात, निम्म्या वयाच्या मंडळींबरोबर गायला बसतात, ऐकू कमी येतं पण कानाचं मशीन नको म्हणतात.

आधी काकांची शंका मिटवली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात चाळिशीपुढच्या लोकांना आपण खऱ्या वयापेक्षा सरासरी २० टक्क्यांनी लहान आहोत असं वाटत होतं. त्या हिशेबाने सत्तरीच्या माणसाला छप्पन्न वर्षांचं वाटणं अगदी सामान्य. गंमत म्हणजे पंचविशीच्या आतल्यांना मात्र आपण मोठेच वाटतो.

मग काकांना विचारलं, "गाताना किती वर्षांचे असता?"

"चाळीस."

"जिना चढताना?"

"पंच्याहत्तर. गुडघे खोटं बोलू देत नाहीत."

"आणि घरात?"

ते लेकीकडे न बघता म्हणाले, "ही 'बाबा, तुम्ही बसा' म्हणाली की नव्वद."

लेक गप्प झाली. यादीतलं गाणं तिने स्वतःच खोडलं.

मी लेकीच्या बाजूनेही बोलले, कारण तिची काळजी खोटी नव्हती. मनाला किती वर्षांचं वाटतं, यावरून कुणी वय नाकारतंय असं मी ठरवत नाही. त्या वाटण्यापायी माणूस काय टाळतो, ते बघते. गाण्यात चाळिशीचं असण्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण "मशीन लावलं की म्हातारा दिसेन" म्हणून चार माणसांतलं बोलणं निसटू द्यायचं, हसू आलं नाही तरी अंदाजाने हसायचं, हे मात्र नाकारणं होतं. शिडीचा निकाल गुडघ्यांनी आधीच दिला होता. दिवे आता नातू बदलतो, काका खालून सूचना देतात (भरपूर देतात, असं कळलं). मशीनला मात्र दोन महिने लागले. तेही गाण्यात सूर नीट लागेना म्हणून घेतलं, लेकीच्या सांगण्यावरून नाही.

"तरुण वाटलं की माणूस जास्त जगतो म्हणे," असं काकांनी जाता जाता विचारलं होतं. इंग्लंडमधल्या सुमारे साडेसहा हजार लोकांच्या अभ्यासात, २०१५ साली, असा संबंध दिसला खरा. स्वतःला वयापेक्षा लहान समजणाऱ्यांपैकी पुढच्या आठेक वर्षांत सुमारे १४ टक्के लोक वारले, मोठं समजणाऱ्यांपैकी जवळपास २५ टक्के. पण आजारी माणसाला म्हातारं वाटणारच. आजारपणं वगैरे हिशेबात धरली, तेव्हा फरक बराच घटला, पुरता गेला नाही. म्हणून 'तरुण वाटून घ्या' असा सल्ला मी कुणाला देत नाही.

उलट दिशेने मात्र लक्ष ठेवा. काल-परवापर्यंत साठीचं वाटणाऱ्या माणसाला दोन-तीन आठवड्यांत एकदम ऐंशीचं वाटू लागलं, झोप-भूक बदलली, आवडीचं काम नकोसं झालं, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. रक्ताल्पता, थायरॉइड, एखादं नवं औषध किंवा नैराश्य, यांतलं काहीही असू शकतं. आधी डॉक्टरांकडे जा, माझ्याकडे नंतर आलात तरी चालेल.