मांटा 'संकटग्रस्त', मग कस्तूर का नाही?

ताई, मांटा आणि कस्तूर यांचा तक्ता करताना तुमच्या लेकीला पडलेला पेच असा आहे: महासागरी मांटा रे हा मोठा चपटा मासा जगभरच्या उष्ण समुद्रांत फिरतो, शीळकरी कस्तूर हा पक्षी मात्र सह्याद्रीत आणि मध्य भारतातल्या काही डोंगरांत सापडतो. तरी आययूसीएनच्या (निसर्ग जपणाऱ्या जागतिक संघटनेच्या) यादीत मांटा 'संकटग्रस्त' आणि कस्तूर 'कमी चिंताजनक'. हे उलटं नाही का?

नाही. प्राणी किती मुलखात दिसतो एवढ्यावर तिथं ठरत नाही, तीन पिढ्यांत संख्या किती घसरली हेही बघतात. मांटाची घट निम्म्याहून जास्त धरली गेली आणि २०२० मध्ये तो या वर्गात गेला. मादी साधारण वर्षभर पोटात वाढवते ते एकच पिल्लू, तेही दोन-तीन वर्षांच्या अंतरानं. त्यात चीनमध्ये औषध म्हणून त्याच्या कल्ल्यांच्या पट्ट्यांना गिऱ्हाईक. एक मादी जाळ्यात गेली की ती जागा भरायला वर्षं जातात. कस्तूर पावसाळ्यात ओढ्याकाठच्या कपारीत दोन ते चार अंडी घालतो. जूनमध्ये पहाटे राधानगरीला जा. उजाडायच्या आधी कुणी पोरगं उनाडक्या करत शीळ घालतंय असं वाटेल, तोच हा.

आता वर्गीकरण. दोघंही समपृष्ठरज्जू संघातले, पृष्ठवंशीय. पुढं मांटा कास्थिमत्स्य (हाडांऐवजी कूर्चेचा सांगाडा असलेल्या माशांच्या) वर्गात, मोब्युला प्रजातीत (जुन्या पुस्तकात प्रजातीचं नावच 'मांटा' असेल, २०१७ नंतर बदललं). कस्तूर पक्षी वर्गात, पॅसेरिफॉर्मिस (फांदीवर बसणाऱ्या पक्ष्यांच्या) गणात. नावानं कस्तूर, पण कुळ आता माशीमारांचं.

तक्त्यात मात्र 'मासा विरुद्ध पक्षी' असा मथळा देऊ नका. बांगड्याचं हाडांचं नातं कस्तुराशी जवळचं आहे, मांटाशी लांबचं! हाडवाले मासे आणि आपण चारपायी-पंखवाले एका फांदीवर, कूर्चेचे मासे त्याआधीच वेगळे झालेले. माझा स्वतःचाही यावर विश्वास बसायला वेळ लागला.

मांटा कोल्हापुरात कुठला दिसायला, पण मासळी बाजारात कोकणातून पाकट येतं, तेही त्याच गणातलं. मावशींना सांगून उलटं करायला लावा. पांढऱ्या पोटावर तोंडामागं कल्ल्यांच्या पाच-पाच फटी दिसतील. लेकीला त्या मोजू द्या, फोटो काढा, आणि तक्त्यात तोच लावा.