जुन्या पोर्शे 911 मधलं चपटं स्पेअर: पंक्चर झालं तर?

1985 च्या 911 करेरात पुढच्या डिकीत चपटं, घडी घातलेलं स्पेअर आहे. रस्त्यात त्याच्यावर विसंबावं का, असा तुमचा प्रश्न. घरी पोचण्यापुरतं, हो. क्रम मात्र पाळा: चाक चपटंच बसवा, नट आवळा, मग सोबतच्या कॉम्प्रेसरने हवा भरा आणि नंतरच जॅक उतरवा. ताशी 80 किमीच्या वर जाऊ नका.

पण आधी टायरवरची तारीख बघा, म्हणजे टायरच्या कडेवरच्या DOT कोडचे शेवटचे आकडे. शेवटी तीनच आकडे असतील तर तो 2000 च्या आधीचा. मूळचाच असेल तर चाळिशीला आला, त्याच्यावर मी तरी भरवसा ठेवणार नाही. रबर वापराविनाही कडक होतं. जुना कॉम्प्रेसरही घरीच एकदा चालवून बघा.

नट ॲल्युमिनियमचे असतात, इम्पॅक्ट गन (नट झटक्याने आवळणारं यंत्र) लावू देऊ नका. 130 न्यूटन-मीटरला आवळा, तेही टॉर्क पान्यानेच (आवळायचा जोर मोजणारा पाना).

आणि गंमत म्हणजे काढलेलं मागचं रुंद चाक स्पेअरच्या जागेत मावत नाही. ते शेजारच्या सीटवर जातं, तेव्हा जुनी चादर सोबत असू द्या. बायको बरोबर असेल तर तुमचं तुम्ही बघा!

खिळ्याच्या साध्या पंक्चरला ट्यूबलेसचं प्लग किट आणि 12 व्होल्टचा पंप पुरतो. मी आधी तेच काढीन.