चेहऱ्याला व्हिटॅमिन सी सीरम लावून खरंच फायदा होतो का, की घरचं लिंबू चोळलं तरी चालतं?

सीरमने फायदा होतो. पण तुमच्या प्रश्नातलं ते 'लिंबू चोळलं तरी' वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहायला बसले.

आमची तासगावकडे द्राक्षबाग आहे. लग्नानंतरचं दुसरं वर्ष, एप्रिल महिना, बेदाण्याचं काम जोरात. उन्हाने दोन्ही गालांवर वांग आले होते. माहेरपणाला आलेल्या वन्सं म्हणाल्या, "लिंबाची फोड चोळ, आठ दिवसांत उतरतील." चोळली, आणि तोंड न धुताच भर दुपारी क्रेट उचलायला गेले. त्या दिवशी काही जाणवलं नाही. दुसऱ्या दिवशी गाल चरचरायला लागले. रसाचा ओघळ गालावरून हनुवटीपर्यंत गेला होता, बरोबर त्या रेषेत पाण्याचे फोड आले. फोड बसले, पण त्याच ओघळाचा काळा डाग उरला. गणपतीपर्यंत मी पदर गालावर ओढून वावरले.

सांगलीच्या त्वचेच्या डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, "लिंबू लावलं होतं का?" लिंबात, विशेषतः सालीत, फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना ऊन लागलं की कातडी भाजते. वन्सं मात्र आजही म्हणतात, "तुझीच कातडी नाजूक. आणि बाटलीत तरी काय, लिंबातलंच असतं ना?"

नसतं! शंभर ग्रॅम लिंबाच्या रसात व्हिटॅमिन सी फार तर ५० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०५ टक्के. चांगल्या सीरममध्ये १० ते २० टक्के असतं. ते कातडीत काळा रंग तयार करणाऱ्या टायरोसिनेज नावाच्या एन्झाइमला आवर घालतं, कातडी घट्ट ठेवणारं कोलॅजन नावाचं प्रथिन तयार व्हायला मदत करतं आणि उन्हाने होणारं नुकसान थोडं कमी करतं. २० टक्क्यांच्या वर फायदा वाढत नाही, नुसती आग होते.

माझी पहिली बाटली मी न्हाणीघराच्या खिडकीत ठेवली होती. महिन्याभरात आतलं पाणी कोऱ्या चहासारखं झालं. बेदाणा काळा पडू नये म्हणून गंधकाची धुरी देणाऱ्या घरात राहून मला हे कळायला हवं होतं, की हवा लागली की असा माल काळवंडतो. आता गडद रंगाची, घट्ट झाकणाची लहान बाटली घेते आणि फ्रीजमध्ये ठेवते. सकाळी तोंड धुऊन चार थेंब, वर सनस्क्रीन. सनस्क्रीन लावणार नसाल तर सीरमवर पैसे घालवू नका.

फरक दिसायला मला तीन महिने लागले. वांग फिके झाले, गेले नाहीत. खोलवरचे असतील तर डॉक्टरांकडेच जा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा. जखम किंवा फुटलेली पुळी असेल तिथे लावू नका.

वन्संच्या मुलीचं आता लग्न ठरलंय. तिलाही मी हेच सांगितलं, वन्संच्या समोर बसून.