एम.कॉम. पोरगी आठ हजारांवर

"मॅडम, पोरीवर दीड लाख घातला. एम.कॉम. केलं. अन् हातात काय, तर आठ हजार. धाकटा आयटीआय करून चाकणला गेला, त्याला सोळा पडतात. शिकवून चुकलंच ना आमचं?"

परभणीत पोरांना नोकरीबद्दल सल्ला देताना हा प्रश्न मी अनेक वडिलांच्या तोंडून ऐकलाय. मुलगी (नाव बदलून अश्विनी म्हणू) शेजारीच होती. तासाभरात दुकानातून तिला तीन फोन आले. कापड दुकानात तीन वर्षांपासून ती टॅलीवर (हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर) दुकानाचे हिशोब बघते, जीएसटीची कागदं जुळवते. पगार रोख, सहीसुद्धा नाही.

पहिल्या भेटीत मी "शिक्षण वाया जात नाही" असलं काहीतरी बोलले. वडिलांनी मान हलवली, पण पटलं नव्हतं, आणि बरोबरच होतं. मग सांगितलं, पुढच्या वेळी दोघा भावंडांचे पगाराचे कागद घेऊन या.

भावाची स्लिप मोबाइलवर आली. एकूण १८,०००. त्यातून पीएफ (भविष्य निर्वाह निधी) १,५६०, ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा) १३५, व्यवसाय कर २००. वडिलांना वाटत होतं, ज्याच्यामार्फत पोरगा कामाला आहे तो ठेकेदार पैसे खातो. पीएफ पोराच्याच नावावर जमतो आणि मालकालाही आपला वाटा भरावा लागतो, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. अश्विनीचा कागद? एकही नाही. पुण्यातल्या एका मुलाखतीत अनुभवाचा दाखला मागितला, तेव्हा मालक म्हणाले, "लिहून कशाला देऊ, उद्या माझ्या अंगाशी येईल." तीन वर्षांचं काम कुठल्याच हिशोबात नव्हतं. हिशोब लिहिणारीच्याच बाबतीत.

मालकाला खलनायक ठरवणं सोपं आहे. त्या दुकानात माणसं पाच. पीएफचा कायदा साधारण वीस माणसांपासून लागतो, ईएसआयसीचा दहापासून. आमच्याकडे कॉलेजं भरपूर, पण वीस माणसांना कामाला ठेवणारे मोजके. हे मागासलेपण नवं नाही: मराठवाड्याच्या अनुशेषाचा, म्हणजे मागे राहिलेल्या विकासाचा, हिशोब दांडेकर समितीने १९८४ मध्ये मांडला, प्रादेशिक असमतोलावर केळकर समितीचा अहवाल २०१३ मध्ये आला. डिग्री तीच, पण परभणीच्या बाजारात ती दुकानापर्यंत जाते आणि चाकणच्या पट्ट्यात आयटीआयसुद्धा पीएफपर्यंत पोचवतं. सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात निरक्षरांपेक्षा पदवीधर जास्त बेरोजगार दिसतात, त्याचंही मला नवल वाटत नाही. ज्याच्या घरी आज चूल पेटायची आहे तो मिळेल ते काम धरतो. पदवीधराला घरचे काही दिवस पोसतात, म्हणून तो थांबतो.

"मग हिला पुण्याला धाडू का?" वडिलांचा आवाज बदलला. खरी अडचण इथे होती. आम्ही कागदावर मांडलं: अठरा हजार मिळाले, तर कॉट बेसिसवर राहणं सहा-सात, मेस तीन-साडेतीन, जाणं-येणं. हातात उरणार सात-आठच, म्हणजे घरी राहून मिळतात तेवढेच. वडील म्हणाले, "मग फायदा काय?" अश्विनी तेवढ्यात बोलली, "नाना, दोन वर्षांनी मी कुठं काम केलं हे कुणी विचारलं, तर दाखवायला काहीतरी असंल."

मी फार काही केलं नाही. जीएसटी रिटर्न स्वतः भरायचा सराव कर, अर्जात टॅलीचं काम तपशिलाने लिही आणि नोकरी बघताना पगाराआधी तीन गोष्टी विचार, एवढं सांगितलं: नेमणूकपत्र मिळेल का, पगार बँकेत येईल का, पीएफ कापतात का. पुण्याला वडील तयार झाले नाहीत. छत्रपती संभाजीनगरला मावशी होती, म्हणून वाळूजमधल्या एका छोट्या कारखान्याच्या अकाउंट्समध्ये ती लागली. साडेसोळा हजार, पीएफसह. मावशीचं घर नसतं तर काय झालं असतं, हे मला सांगता येत नाही.

दिवाळीनंतर वडिलांचा फोन आला. मला वाटलं, अश्विनीचं काही असेल.

"नाही, ती बरी आहे. धाकट्याला अकरा महिने झाले, ठेकेदारानं ब्रेक दिलाय. म्हणतो, परत घेऊ, पण नवीन माणूस म्हणून. त्याची कागदं घेऊन येऊ का?"

शनिवारी या म्हटलं. अकराही महिन्यांच्या स्लिपा आणा.